शिवेपलीकडचा कोस

पाटलाचा माणूस सातव्यांदा दाराशी आला तेव्हा रुख्मिणीबाई भाकरी थापत होती. सातव्यांदा, आणि तेही एकाच उन्हाळ्यात. हिवरदरीच्या महारवाड्यात तेवीस घरं. वेठीची पाळी घरोघर फिरायची, ती बापजाद्यांपासून. एका घराच्या वाट्याला वर्षातून एखादी खेप यायची, फार तर दोन. पण रुख्मिणीबाईचा नवरा संतराम ख्रिस्ती झाला आणि फिरणारी पाळी फिरायचीच थांबली. त्याच्या दारात येऊन बसली ती बसलीच. बाकीच्या बावीस घरांनीही कधी विचारलं नाही, की बाबा, आमची पाळी गेली कुठं? कशाला विचारतील? ज्याच्या डोक्यावरचं ओझं गेलं तो शोधायला निघत नाही.

त्या दिवशी रविवार होता. संतरामनं आपलं एकुलतं एक धड धोतर आदल्या दिवशी धुऊन वाळवलं होतं. हिंगोलीला जायचं, मिशनच्या मास्तरांकडे प्रार्थनेला बसायचं, एवढीच त्याची आठवड्याची हौस. पाटलाला रविवार बरोबर कळायचा. रुख्मिणीबाईनं हातातली भाकरी परातीत आपटली आणि बाहेरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात पाटलाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. संतरामनं धुतलेलं धोतर काढून घडी करून ठेवलं, जुनं नेसला, डोक्याला चुंबळ घेतली आणि निघाला.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना वेठ म्हणजे काय ते सांगावं लागेल, आणि सांगताना डोकं फिरतं. निजामाचं राज्य. साल एकोणीसशे सदतीस. तालुक्याचा गिरदावर शेतं-पिकं तपासायला गावोगाव दौरे काढायचा. साहेब घोडीवर. त्याची कागदांची लोखंडी पेटी आणि तिच्यावर बांधलेली वळकटी मात्र कुणाच्या तरी डोक्यावर. कुणाच्या? ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्या. मजुरी नाही, भाकरी नाही, वर उशीर झाला तर छडी. वेठीला म्हणे हैदराबादेत कागदावर बंदी होती. असेल बुवा. कागद हैदराबादेत होता आणि पेटी हिवरदरीत होती.

या सगळ्यात एकच रिवाज गरिबाच्या बाजूचा होता. ओझं न्यायचं ते आपल्या गावच्या शिवेपर्यंत. शिवेवर शेंदूर फासलेला धोंडा असायचा. तिथं पुढच्या गावचा पाळीवाला उभा राहायचा आणि पेटी एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जायची. कोसभर चाल, मग सुटका. अधिकारी कितीही मोठा असो, त्या धोंड्यापाशी त्याला घोडी थांबवावी लागायची. हा रिवाज कुणी लिहून ठेवला नव्हता, पण आजवर कुणी मोडलाही नव्हता.

आता पाटलाचा राग कशावरून, ते ऐका. संतराम बाप्तिस्मा घेऊन आला तेव्हा स्वतः होऊन चावडीवर गेला. किसनराव पाटलापुढं हात जोडून म्हणाला, की गावाचं सगळं काम पहिल्यासारखं करीन, सांगावे पोचवीन, गस्त घालीन, फक्त मरीआईचा गाडा ओढणार नाही. हात जोडून बरं का. आवाज चढवून नव्हे. पाटील हसला, पान खाल्लं आणि म्हणाला, ठीक आहे. दुसऱ्याच दिवशी वेठीचं बोलावणं आलं. उघड मारलं असतं तर चार लोकांनी पाहिलं तरी असतं. हे काम कसं, कुणाच्या नजरेला न येणारं.

रुख्मिणीबाई ख्रिस्ती झाली ती नवऱ्याच्या मागून, पण तिचं कारण वेगळं होतं. हिंगोलीत मास्तरांच्या बायकोनं तिला आपल्या घरातल्या लोट्यानं पाणी दिलं. वरून ओंजळीत ओतलं नाही, लोटा हातात दिला. रुख्मिणीबाई चाळीस वर्षांची होती आणि महारवाड्याबाहेरच्या घरचा लोटा तिनं पहिल्यांदा तोंडाला लावला होता. तेवढ्यावर ती ख्रिस्ती झाली. क्षमाबिमा तिला पटत नव्हती. प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करायची ओळ आली की ती तोंड मिटून बसायची. देवापुढं खोटं कशाला बोलू, म्हणायची.

संतरामचं तसं नव्हतं. गेल्या महिन्यात मास्तरांनी एक गोष्ट सांगितली होती आणि ती त्याच्या डोक्यातून जात नव्हती. येशूच्या मुलखावरही परक्या राजाचं राज्य होतं. त्या राजाचे शिपाई रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही धरायचे आणि आपलं ओझं त्याच्या पाठीवर द्यायचे, ठरलेल्या अंतरापर्यंत. संतरामनं तीनदा विचारलं, म्हणजे येशूच्या गावातही वेठ होती? मास्तर म्हणाले, होती. आणि येशूनं सांगितलं, की कुणी जुलमानं तुला एक कोस नेलं तर दुसरा कोस तू आपण होऊन जा. संतराम त्या दिवशी हिंगोलीपासून घरापर्यंत तेच बोलत आला. देवाच्या लेकाला वेठ ठाऊक होती, याचंच त्या माणसाला केवढं अप्रूप. रुख्मिणीबाई म्हणाली, ठाऊक होती तर बंद काहून केली न्हाई? यावर संतराम नुसता हसला.

तर त्या रविवारी संतराम पेटी घेऊन शिवेवर पोचला. पलीकडचं गाव करंजवाडी, म्हणजे रुख्मिणीबाईचं माहेर. तिथला पाळीवाला आलेला नव्हता. गावात मौत झाली होती, सगळे तिकडं गेले होते. गिरदावरानं घोडीवरूनच शिव्यांचा पट्टा सुरू केला. संतराम पेटी खाली ठेवायला वाकला आणि मध्येच थांबला. त्यानं पेटी पुन्हा डोक्यावर सारखी केली आणि म्हणाला, "चला सरकार. म्होरला कोस माझ्याकडून."

गिरदावराचा चपराशी चाँद पाशा, हिंगोलीचा, सरळ माणूस, तोही बरोबर पायी चालायचा. त्यानं पुढं सांगितलं, की साहेब आधी घाबरलाच. याला काय पाहिजे, जमीन मागतो की अर्ज द्यायचा आहे, असं त्यानं दोनदा चाँद पाशाकरवी विचारलं. संतराम म्हणाला, काही नको. आणि उन्हात, डोक्यावर अर्धा मण ओझं घेऊन, तो भजन म्हणत चालला. चाँद पाशा म्हणायचा, हमालाला गाताना मी पुष्कळदा ऐकलं, वेठकऱ्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

संतराम घरी आला तो चेहऱ्यावर उजेड घेऊन. पाय फुटले होते आणि माणूस खूश. रुख्मिणीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पाय धुवायला पाणी दिलं खरं, पण तांब्या असा आदळला की अर्धं पाणी सांडलं. संतराम तिला समजावीत होता, की आयुष्यभर दुसऱ्यानं ढकललं म्हणून चाललो, आज पहिल्यांदा माझ्या मनानं चाललो, तेवढा एक कोस माझा होता. तिला ते कळलं नाही असं नाही. कळलं, म्हणूनच तिला जास्त राग आला, कारण असलं सुख असल्या माणसापुढं उधळायचं असतं का?

आणि झालंही तसंच. पुढच्या दौऱ्याला गिरदावर आला तो हुकूम घेऊनच. हिवरदरीचा एक माणूस दोन गावांची चाल करू शकतो, म्हणजे सगळेच करू शकतात. आजपासून दर गावच्या माणसानं आपली शीव ओलांडून पुढच्या गावचीही शीव गाठायची. एक धोंडा सोडून दुसऱ्यापाशीच थांबायचं. साहेबाचा वेळ वाचतो. पाटलानं मान डोलावली, वर म्हणाला की ख्रिस्ती केल्यानं आमचा बैल चांगला चालायला लागला. चावडीतले चार टगे हसले. दान दिलेल्या वस्तूवर दुसऱ्या दिवशी हक्क सांगणारी ही जात! आणि ज्यानं दिलं त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्या वाटेवरच्या आठ गावांतल्या महारवाड्यांतून संतरामच्या नावानं बोटं मोडली जाऊ लागली. शेकडो वर्षांचा रिवाज या एका भजनी माणसानं घालवला. लोकांचं तरी काय चुकलं? वैशाखातलं ऊन, एक कोसाचे दोन कोस, त्यात उलट परत यायचं ते वेगळंच.

वैशाखाच्या शेवटी करंजवाडीची पाळी रुख्मिणीबाईच्या धाकट्या भावावर आली. लिंबाजी त्याचं नाव. साहेबाचा मुक्काम तिथंच होता, म्हणून पेटी त्यानं गावातूनच उचलली. तो पुढच्या गावच्या, साखऱ्याच्या वाटेवर, दुसऱ्या कोसाच्या मध्यावर, पेटीसकट कोसळला. गिरदावराला वाटलं सोंग करतो. त्यानं बुटानं डिवचून पाहिलं. चाँद पाशानं आपल्या छागलीतलं पाणी तोंडावर मारलं तेव्हा कळलं, की माणसाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आहे. साहेबाची पेटी दुसऱ्या कुणी उचलली. लिंबाजीला गावात बैलगाडीनं आणलं ते संध्याकाळी, तोवर तो बाभळीखाली पडून होता.

रुख्मिणीबाई धावत माहेरी गेली. ज्या आळीत ती लहानाची मोठी झाली तिथल्या बायकांनी तिला पाहून तोंड फिरवलं. लिंबाजी बाजेवर होता. हात लुळा, पाय लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं. तो बोलला ते तुटक, पण एक अक्षर चुकलं नाही.

"आक्का, दाजीच्या पुन्याचं ओझं माझ्या डोस्क्यावर आलं."

ती तिथं रडली नाही. घरी येईपर्यंत रडली नाही. संतराम अंगणात खाटेची सुंभं ओढीत बसला होता. त्याच्यासमोर उभी राहून तिनं भावाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि मग जे तोंड सोडलं! तुमच्या नरमाईला लोक घाबरले का? लाजले का? त्यांनी तर त्या नरमाईवरच जू ठेवलं. तुम्ही मार खा, उपाशी राहा, तुमचं अंग हाय. माझ्या भावाचं अंग तुमाला कोनी दिलं होतं दान करायला? संतरामच्या हातातलं सुंभ सुटलं. तीन दिवस त्याच्या घशाखाली घास नीट उतरला नाही, आणि तिनंही त्याला खा म्हटलं नाही.

रविवारी दोघं हिंगोलीला गेली. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मनानं चांगला माणूस, पण शहरात राहिलेला. म्हणाले, सोसा, देव पाहतो आहे, सोसणाऱ्याला फळ मिळतं. संतराम मान खाली घालून ऐकत होता. रुख्मिणीबाईला राहवलं नाही.

"मास्तर, तुमची वळकटी कोन वाहून नेतं?"

मास्तर गडबडले. त्यांच्याकडं सायकल होती. ती पुढं म्हणाली, "येशूनं सांगितलं का न्हाई, दुसरा कोस तू आपल्या मनानं जा? मनानं. मग शेजाऱ्याला धाड, असं कुठं सांगितलं? माझ्या भावाला कोनी विचारलं त्याचं मन?"

मास्तरांच्या घरात अशी कुणी बाई आजवर बोलली नसेल. पण माणूस प्रामाणिक होता, हे कबूल केलं पाहिजे. ते म्हणाले, की नाही, असं कुठंच सांगितलेलं नाही. मी चुकलो, बाई. मग संतरामकडं वळून म्हणाले, की जे मनानं द्यायचं ते हुकमानं घेतलं जात असेल तर देऊ नका. पण हात उगारू नका आणि मनात विष ठेवू नका. पहिलं संतराम करू शकेल, दुसरंही करू शकेल, असं त्यांना वाटत होतं. रुख्मिणीबाईकडं त्यांनी पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर अर्धं अंतर मागं पडलं. मग संतराम म्हणाला, "आता बोलावनं आलं की मी शिवेवर पेटी खाली ठेवतो." थोड्या वेळानं म्हणाला, "मला भ्याव वाटून राहिलं, रुख्मिणे." ती म्हणाली, वाटू द्या, मी येते संगं.

बोलावणं यायला आठ दिवसही लागले नाहीत. रुख्मिणीबाईनं पाण्याची घागर घेतली आणि लुगड्याच्या ओच्यात विळा खोवला. कुणी विचारलं असतं तर गवताला चालले, म्हणाली असती. पुढं घोडी, मग चाँद पाशा, मग पेटी घेऊन संतराम, आणि दहा पावलं मागं ती. शिवेच्या धोंड्यापाशी करंजवाडीचा पाळीवाला उभा होता. हुकूम झाला तरी ते लोक शिवेवर येऊन उभे राहायचे, शिव्या खायचे आणि साहेबाच्या मागोमाग रिकामे चालायचे, ओझेवाला वाटेत पडला तर पेटी उचलायला. काय ती तऱ्हा, आणि कुणाच्या बापाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

संतरामनं पेटी धोंड्याशेजारी अलगद ठेवली. अगदी अलगद, आतले कागद हलणार नाहीत अशी. चुंबळ सोडून खांद्यावर टाकली आणि हात जोडले.

गिरदावरानं घोडी वळवली. काय झालं, म्हणून ओरडला.

"सरकार, हितवर तुमचा रिवाज. हितवर मी आनलं," संतराम म्हणाला. "म्होरला कोस त्या दिशी मी दिला होता. तुमी त्याचा हुकूम केला. आता माझ्याकडं द्यायला काही राहिलं न्हाई. मारायचं तर मारा. पेटी हितंच राहील."

पहिली छडी खांद्यावर बसली, दुसरी कानावर. मग गिरदावर घोडीवरून उतरला, कारण वरून हात नीट पोचत नव्हता. जोडलेले हात संतरामनं सोडले नाहीत, त्यामुळं त्याला तोंड झाकता आलं नाही. चाँद पाशा दोनदा मध्ये पडला, दोन्हीदा त्याला ढकलून दिलं. आणि त्या पाळीवाल्यानं मान फिरवली. त्याला दोष देऊन काय उपयोग, त्याची पोरंबाळं त्याच्या मागं होती.

रुख्मिणीबाईचा हात ओच्यात गेला. विळ्याची मूठ तिच्या हातात आली होती. एक पाऊल, फार तर दोन, एवढंच अंतर होतं आणि गिरदावराची पाठ तिच्याकडं होती. तिनं ते केलं असतं. हे ती पुढंही कधी नाकारत नव्हती. पण संतरामचं रक्तानं भरलेलं तोंड तिच्याकडं वळलं आणि तो म्हणाला, "रुख्मिणे, पानी दे."

पाणी द्यायचं तर घागर धरायला दोन्ही हात लागतात. तिनं विळा सोडला, घागर उचलली आणि गिरदावर आणि नवरा यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. संतरामनं ओंजळ पुढं केली. ती ओतत राहिली. निम्मं पाणी त्याच्या छातीवर सांडलं. बाई मध्ये उभी, चपराशी बघतोय, रस्त्यानं जवळा बाजार गावाला निघालेल्या दोन गाड्या थांबलेल्या. गिरदावराची छडी वर झाली आणि तशीच राहिली. त्यानं वळून पाळीवाल्यावर तोंड टाकलं, उचल म्हणून.

पाळीवाला पुढं आला. पेटी डोक्यावर घेतली आणि संतरामच्या तोंडाकडं एकदा पाहून म्हणाला, "उचलतो सरकार. आमची पाळी हितूनच. आमच्या शिवेवर ठेवीन."

आणि त्यानं ठेवली. पुढच्या गावच्या माणसानं उचलली आणि आपल्या शिवेवर ठेवली. दोन दिवसांत आठही गावांत पेटी धोंड्याधोंड्याला खाली बसली. कितीजणांना मारणार? कुणी हुकूम मागं घेतला नाही, तो आपोआप बोलायचा बंद झाला. पण न्याय झाला असं कुणी समजू नये. गिरदावर तोच राहिला, घोडीही तीच. किसनराव पाटलानं संतरामला चावडीत तीन दिवस खोड्यात अडकवून ठेवलं, छडीनं डावा कान फुटला तो कायमचा. एक मात्र झालं. बावीस घरांपैकी चौघांनी त्याला खोड्यात भाकरी नेऊन दिली, आणि पुढच्या महिन्यात वेठीची पाळी, कुणी काही न बोलता, पुन्हा घरोघर फिरायला लागली. पाटलानंही ते चालू दिलं. त्याला कळलं असणार, की आता विचारणारे आहेत.

दिवाळी झाली. कार्तिकात हिवरदरीची पाळी रीतसर संतरामवर आली आणि तो पेटी घेऊन निघाला. रुख्मिणीबाई पुन्हा बरोबर होती. आता ती दरवेळी जायची, नवऱ्याला एका कानानं ऐकू येत नव्हतं. शिवेच्या धोंड्यापाशी पोचली आणि दोघंही जागच्या जागी थिजली. करंजवाडीकडून लिंबाजी उभा होता. काठीवर भार, डावा पाय आत वळलेला. त्याच्या घरात दुसरा बाप्या माणूस नव्हता. पाळी फिरत फिरत आली ती त्याच्याच दारात.

गिरदावर घोडीवर बसून पाहत होता. हसत होता फक्त. त्याला सगळं कळत होतं. संतराम आता काय करतो ते त्याला पाहायचं होतं.

संतरामनं पेटी खाली ठेवली नाही. तो डोक्यावर घेऊनच उभा राहिला. त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते रुख्मिणीबाईला दिसत होतं. त्याला तो कोस द्यायचा होता. आयुष्यात कधी नव्हता इतका आज द्यायचा होता, आणि देता येत नव्हता. गरिबाजवळ असतं काय? ना जमीन, ना अक्षर, ना कुणाची ओळख. आपल्या मनानं कुणासाठी दोन पावलं जास्त चालावं, एवढी एक श्रीमंती. तीही या लोकांनी हिसकावून घेतली होती, आणि वर घोडीवर बसून हसत होते. रुख्मिणीबाईच्या तोंडापर्यंत शब्द आला, की घ्या, उचला, चला पुढं, मरू द्या तो रिवाज. माझा भाऊ हाय तो. शिवेसाठी भांडली तीच, आणि आता शिवेपायी तिच्या पाठच्या भावाला पेटी उचलताना पाहायची पाळी तिच्यावरच आली होती.

लिंबाजीनंच तिला वाचवलं.

"दाजी, खाली ठेवा," तो म्हणाला. "हात लावू नगा. तुमी आज नेली तर उद्या परत आठ गावं नेतील."

संतरामनं पेटी धोंड्यापाशी ठेवली. लिंबाजीनं चुंबळ सारखी केली, काठी टाकली, एका गुडघ्यावर बसला आणि चाँद पाशानं हात लावून दिला तेव्हा पेटी डोक्यावर घेऊन उठला. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला कलला. संतराम पुढं झाला. पेटीला हात न लावता तो लिंबाजीच्या डाव्या बाजूला गेला, आपला खांदा त्याच्या काखेखाली दिला आणि चालू लागला. रुख्मिणीबाई टाकलेली काठी उचलून उजव्या बाजूला गेली.

गिरदावराचं हसू गेलं. तुझी वेठ संपली ना, मग शिवेपलीकडं कुठं चाललास, म्हणून तो संतरामवर खेकसला. संतरामला फुटक्या कानानं ऐकू आलं नसेल किंवा आलंही असेल. उत्तर दिलं ते रुख्मिणीबाईनं, घोडीकडं मान वर करून.

"त्यांच्या डोस्क्यावर तुमचं काहीच न्हाई, सरकार. मेव्हन्यासंगं चालले. याला तुमचा हुकूम लागत न्हाई."

गिरदावरानं लगाम ओढून घोडी मागं घेतली. चाँद पाशानं तोंड दुसरीकडं केलं. तिघं चालत राहिली, ओढ्यात उतरताना थांबत, चढाला पुन्हा थांबत. रुख्मिणीबाई साऱ्या वाटेनं गिरदावराला मनातल्या मनात शिव्या घालत होती आणि भावाच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसत होती, आणि ही दोन्ही कामं तिला एकदम करता येत होती. घोडी त्यांच्या चालीनं, हळूहळू, मागून येत होती.

करंजवाडीच्या पलीकडच्या शिवेवर लिंबाजीनं पेटी स्वतः खाली ठेवली. संतरामनं तिला बोटही लावलं नव्हतं.